त्रेचाळीस कॅसेटी आणि अण्णांची पेटी : नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५

१ जून, रविवार

पाऊस यंदा लवकरच लागला. बेळगावच्या शहापुरातलं आमचं घर जुनं, कौलारू. गळती कुठं आहे बघायला माळ्यावर चढलो आणि पत्र्याची ट्रंक घेऊन उतरलो. आत कॅसेटी. मोजल्या तर त्रेचाळीस: अकरा कंपनीच्या, एकतीस भरून घेतलेल्या, एक कोरी.

भरून घेतलेल्या म्हणजे काय हे मुलीला सांगण्यात अर्धा तास गेला. कॅम्पात एक दुकान होतं. कोरी नाइन्टी, म्हणजे नव्वद मिनिटांची कॅसेट, घेऊन जायची, यादी द्यायची, चार दिवसांनी यायचं. एका बाजूला एक अल्बम, दुसऱ्या बाजूला दुसरा. १९८९ ते ९५ माझा पॉकेटमनी तिथंच जिरला. "म्हणजे पायरसीच की पप्पा," ती म्हणाली. होय की. पण बेळगावात ब्लॅक सबाथसारखं इंग्लिश रॉक दुसऱ्या कुठल्या वाटेनं येणार होतं?

काम ठरलं: सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायच्या. नियम एकच. प्रत्येक अल्बमबद्दलचं जुनं मत ऐकायच्या आधी वहीत लिहायचं, ऐकून झालं की खाली नवं लिहायचं. तीस वर्षं मी हीच मतं चहाच्या टपरीवर ठोकून सांगत आलोय. तपासलेलं एकही नाही.

८ जून

डेक चालू केला तर मोटर फिरते, चक्र्या फिरत नाहीत. खडेबाजारात एक म्हातारा मेकॅनिक अजून बसतो. झाकण काढलं आणि कानडीत म्हणाला, "बेल्ट होग्याद री," म्हणजे बेल्ट गेलाय. रबराचा बेल्ट विरघळून काळा चिकट गूळ झाला होता, पुलीला माखलेला. त्यानं स्पिरिटनं तो काढला, नवा बेल्ट घातला, रबरी रोलर घासला. पट्टीवरचं गाणं वाचणारं हेड साफ करताना मात्र मला जवळ बोलावलं. कापसाच्या बोळ्यावर तपकिरी डाग उमटला. "हे तुमचं गाणं," तो मराठीत म्हणाला. चुंबकाची पूड. प्रत्येक वेळी वाजवलं की थोडी हेडवर राहते, तेवढं गाणं कमी होतं.

रात्री चाचणी. नाइन्टीची एक अख्खी कॅसेट साधारण साडेनऊशे एमबी खाते. जागा आहे.

१५ जून

पहिली: डीप पर्पल, 'मशीन हेड', १९७२. कंपनीची कॅसेट.

जुनं मत: जगातला सर्वांत उत्तम हार्ड रॉक अल्बम, वाद नको.

पट्टीच्या दोन्ही कडांना पांढरी बुरशी. मऊ ब्रशनं झाडून दोनदा पुढं-मागं फिरवली, मग लावली. पहिल्याच गाण्यात अण्णा दारात येऊन उभे. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवली. 'हायवे स्टार'मधला जॉन लॉर्डचा तुकडा संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही पेटीच की रे. पण तापलेली." मी सांगितलं, हा हॅमंड ऑर्गन, पण हा माणूस तो गिटारच्या मार्शल ॲम्प्लिफायरमधून काढायचा, म्हणून असा फाटतो. "भाता कोण मारतं?" "वीज." अण्णांनी मान हलवली आणि खुर्ची ओढून बसले. 'लेझी' पूर्ण ऐकलं. तसं बघितलं तर ते गाणं पेटीवाल्यांचंच आहे, सुरुवातीला तर नुसता ऑर्गनचा आलाप.

नवं मत: टिकलं, पण जागा बदलल्या. 'स्मोक ऑन द वॉटर' आता मला फक्त त्याच्या गोष्टीसाठी लागतं. डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधलं मॉन्त्रो, फ्रँक झप्पाच्या कार्यक्रमात कुणीतरी फ्लेअर झाडली आणि कसिनो जळून गेला. तिथंच रेकॉर्डिंग करायचं ठरलं होतं. शेवटी एका बंद पडलेल्या ग्रँड हॉटेलच्या व्हरांड्यात गाद्या लावून, रोलिंग स्टोन्सची फिरती स्टुडिओ-गाडी बाहेर उभी करून अल्बम झाला. रिफ, म्हणजे परत परत येणारा गिटारचा तुकडा, मात्र आता गिटारच्या दुकानातल्या प्रत्येक पोराच्या हातात बसून झिजलाय. आणि 'नेव्हर बिफोर' हे आधीपासून कच्चं होतं, तेव्हा मला बोलायचा धीर नव्हता. त्याच वेळी रेकॉर्ड झालेलं 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज' बाहेर ठेवून हे आत घेतलं, हा निर्णय मला कुणीतरी एकदा समजावून सांगा.

२२ जून

रेनबो, 'रायझिंग', १९७६. दुकानात भरलेली.

जुनं मत: गायक डिओचा आवाज देवाचा, गिटारवाला रिची ब्लॅकमोर नेहमीसारखा, पण कोझी पॉवेलचे ड्रम म्हणजे गोणपाटावर काठी. हे मी मित्रांना असंख्य वेळा ऐकवलंय.

आज लावली, तसंच. गोणपाट. मग मेकॅनिकनं दाखवलेलं आठवलं. हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो. पट्टी हेडवरून सरळ जाते की तिरकी, ते त्यावर ठरतं. ज्या डेकवर भरली त्याचं हेड तिरकं असेल तर दुसऱ्या सरळ डेकवर वरचे सगळे बारीक आवाज मरतात. घड्याळजीचा स्क्रू ड्रायव्हर घेतला. 'स्टारगेझर'ची सुरुवात परत परत लावून स्क्रू केसभर फिरवला, परत केसभर. पाव आटा गेल्यावर अचानक झांजा आल्या. खोलीत कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं झालं. ड्रमची कातडी, काठीचं टोक, सगळं वेगवेगळं.

कोझी पॉवेल १९९८ मध्ये मोटार अपघातात गेला. मी त्याला कायम गोणपाट म्हणत राहिलो, आणि दोष कॅम्पातल्या डेकच्या स्क्रूचा होता.

नवं मत: 'मशीन हेड'च्या बरोबरीनं. सहा गाणी, जेमतेम साडेतेहतीस मिनिटं, आणि 'स्टारगेझर'ला म्युनिकचा अख्खा वाद्यवृंद. जादूगार आकाशात जायला मनोरा बांधून घेतो, दगड वाहणारे मरतात, शेवटी तो वरून पडतो. यातली खरी गंमत नंतरच्या 'अ लाइट इन द ब्लॅक'मध्ये आहे. मालक मेला, आता या दगड वाहणाऱ्यांनी घरी कसं जायचं?

एक राहिलं. नाइन्टीच्या बाजूवर अल्बम संपून अकरा-बारा मिनिटं उरत. दुकानदाराला कोरी पट्टी द्यायला जिवावर यायचं, तो काहीतरी भरून द्यायचा. इथं एक कन्नड भावगीत आहे. माझ्या डोक्यात हा अल्बम कायम बासरीवर संपतो. तो भाग कापलेला नाही.

२९ जून

काही नाही. सेकंड शिफ्ट, त्यात दोनदा लाईट गेली. अर्धी उतरलेली फाईल वाया.

४ जुलै, रात्री

एसी/डीसी, 'बॅक इन ब्लॅक', १९८०.

जुनं मत: आधीचा गायक बॉन स्कॉट असतानाचे अल्बम खरे, हा बाजारातला.

मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत तपासणीला आहे. आमच्याकडे एसजी बिडाचे आणि साध्या बिडाचे कास्टिंग एकाच रंगाचे दिसतात. चुकून मिसळले तर सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे हातोडी. टांगून हलकेच ठोकायचं. एसजी असेल तर टण्ण करतं आणि सूर लांबतो. साधं बीड ठप्प बोलतं, कारण आत ग्राफाइटच्या चपट्या पाकळ्या असतात, त्या कंप खाऊन टाकतात. एसजीत तोच ग्राफाइट गोळीसारखा असतो. मशीनच्या बैठकीला ठप्पवालं बरं, घंटेला चालत नाही. घंटेला काशाचंच पाहिजे.

म्हणून 'हेल्स बेल्स'ची सुरुवात मी आज कानानं नाही, हातानं ऐकली. आधी लफबरो गावातल्या स्मारकाच्या मनोऱ्यातली घंटा रेकॉर्ड करायला गेले होते. ठोका पडला की आतले पक्षी फडफडत उडायचे, सगळं टेपवर यायचं. मग त्याच गावच्या फाउंड्रीत बँडसाठी ओतलेली टनाच्या आसपासची घंटा, तिथंच टांगून वाजवली. ठोका, आणि मग तो सूर खाली बसेपर्यंत कुणी घाई करत नाही. ओतकाम चांगलं असल्याशिवाय इतका वेळ सूर राहत नाही.

बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये वारला, हा अल्बम जुलैत आला. पाच महिने. नवा गायक ब्रायन जॉन्सन, काळं कव्हर, आणि आत रडगाणं एक नाही. सुतक असं पाळलेलं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

नवं मत: जुनं रद्द. मॅल्कम यंगच्या गिटारमध्ये जितके ठोके आहेत तितक्याच मोकळ्या जागा आहेत, आणि त्या मापात आहेत. गेज लावून बघितल्यासारख्या. बॉन स्कॉटच्या वेळचा 'पॉवरेज' अजूनही जास्त आवडतो, पण ती आवड आहे, हे काम आहे.

६ जुलै

काल बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ब्लॅक सबाथचा शेवटचा कार्यक्रम झाला. मूळचे चौघेही होते. गायक ऑझी सिंहासनावर बसून गायला, उभं राहता येत नाही. मोबाइलवर तुकडे बघितले. सबाथची कॅसेट आधी घ्यायला हवी होती, पण तिची गादी पडलीय. पट्टी हेडवर दाबून धरणारा फेल्टचा तुकडा. कुठून तरी काढून बसवावा लागेल.

२० जुलै

गादी मिळाली. प्रवचनाच्या एका खराब कॅसेटीतून. पाच स्क्रू काढले, तांब्याच्या पातळ पट्टीसकट चिमट्यानं उचलली, इकडे बसवली. अण्णा म्हणाले, "महाराजांची गादी सैतानाला दिलीस." हसत होते.

'मास्टर ऑफ रिअॅलिटी', १९७१. ही दुकानातली नाही. मित्राच्या थोरल्या भावानं घरच्या टू-इन-वनवर भरून दिलेली.

जुनं मत: जोरकस, पण लोक म्हणतात तेवढा जड नाही.

'चिल्ड्रेन ऑफ द ग्रेव्ह' चालू असताना अण्णांनी सहज पेटी पुढं ओढली आणि सूर शोधला. "पांढरी दोन," म्हणाले. मी थांबलो. सबाथचा गिटारवाला टोनी आयोमी यानं या अल्बमात गिटारच्या तारा दीड स्वर उतरवल्यात, हे मला पाठ आहे. सर्वांत जाड तार येते ती काळी एकवर. पांढरी दोन येईलच कशी?

गाण्याची लांबी बघितली. मूळ ५ मिनिटं १७ सेकंद. माझ्या फाईलमध्ये ४ मिनिटं ५९. म्हणजे त्या भावाचा टू-इन-वन भरताना हळू फिरत होता, आणि सरळ चालणाऱ्या डेकवर सगळं सहा टक्के पळतंय, अर्धा स्वर वर. माझा डेक बरोबर आहे ना, हे 'मशीन हेड' लावून ताडलं. बरोबर आहे.

ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये वेग उतरवला आणि परत लावलं. अण्णांनी काळी एक दाबून धरली. पेटी आणि गिटार एकात एक बसली. पेटीच्या लाकडात ती थरथर दिसत होती, वर ठेवलेली चष्म्याची डबी सरकली. गाणं आधी पळत होतं, आता ते चालायला लागलं, आणि हे चालणं पळण्यापेक्षा भीतीदायक आहे. मी मुलीकडे बघितलं. ती म्हणाली, "हे वेगळंच गाणं आहे, पप्पा."

नवं मत लिहायला आज हात उचलत नाही. चौतीस वर्षं मी सबाथ तेवढा जड नाही म्हणत आलो, आणि मी तो ऐकलेलाच नव्हता.

२३ जुलै, बुधवार

सकाळी फोन चालू केला तर ऑझी गेल्याची बातमी. काल गेला. त्या कार्यक्रमाला अजून तीन आठवडेही झाले नव्हते.

कारखान्यात कुणाला सांगायचं? कास्टिंग घासून साफ करणाऱ्या फेटलिंगच्या पोरांना नाव माहीत नव्हतं. मग डब्याच्या सुट्टीत आयोमीची गोष्ट सांगितली. बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला, वय सतरा, त्या दिवशी नोकरीचा शेवटचा दिवस. प्रेसमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. तर गड्यानं भांड्याच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून त्याच्या टोप्या केल्या, वर चामडं लावलं आणि वाजवत राहिला. सैल तारा दाबायला सोप्या, हेही तारा उतरवण्यामागचं एक कारण. आमच्यात एकाचं तर्जनीचं पेर आधीच्या नोकरीत प्रेसखाली गेलंय. तो डबा बाजूला ठेवून ऐकत होता. म्हणाला, "टोपी कसली वापरली म्हणालास?"

ऑझीही काही दिवस मोटारीचे हॉर्न सुरात लावायच्या कामाला होता. दिवसभर वाजवून बघायचं. म्हणजे आमच्याच खात्यातला.

घरी आल्यावर 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' काळी एकमध्ये, अंधारात. अण्णांनी भजनाला जाणं आज टाळलं, कारण विचारलं नाही.

३ ऑगस्ट

गन्स एन' रोझेस, 'ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन', १९८७.

जुनं मत: सुरुवात जबरदस्त, शेवट नाही. बारावं गाणं नसलेला अल्बम.

हे वाचून हसू नका. अल्बम जवळपास ५४ मिनिटांचा, नाइन्टीची बाजू ४५. 'एनिथिंग गोज' सुरू होऊन मिनिट-दीड मिनिटात माझी पट्टी संपते, खट्ट. पुढचं 'रॉकेट क्वीन' त्या काळी मी ऐकलंच नाही. कव्हरवर नाव होतं, दुकानदारानं गाणी इमानदारीनं सगळी लिहिली होती. पुढं इंटरनेट आल्यावर कधीही ऐकता आलं असतं. पण अल्बम माहीतच आहे म्हणून सोडून दिलं. माहीत असलेली गोष्ट परत कोण बघतो.

आज मूळ अल्बम शेवटपर्यंत लावला. 'रॉकेट क्वीन' ही दोन गाणी आहेत. पहिलं मस्तवाल, उर्मट, आधीच्या अकरांसारखंच. मग मधेच स्लॅशची गिटार वळते आणि ॲक्सलचा आवाज एकदम बदलतो. तासभर जगाला शिव्या घालणारा माणूस शेवटच्या दोन मिनिटांत कुणाला तरी म्हणतो, तुला गरज पडली तर मी आहे. अल्बमचा सगळा राग कुठं जाऊन पोचतो ते इथं कळतं. आणि मी हा अल्बम आयुष्यभर 'तू क्रेझी आहेस' म्हणून दार आपटून निघून गेल्यासारखा ऐकला.

नवं मत: पहिल्या तिनांत. जुन्या मताची जबाबदारी नाइन्टीवर.

'यूज युअर इल्युजन' एक आणि दोन, १९९१, दोन्ही पाठोपाठ लावले. मिळून तीस गाणी. चौदा पुरे होती. हे मत तेव्हाही होतं, आजही आहे, आणि यात टेपचा काही दोष नाही.

१० ऑगस्ट

आठवड्यात सात उतरल्या, भराभर. स्कॉर्पियन्सचा 'ब्लॅकआउट' मला अजूनही धरतो, 'क्रेझी वर्ल्ड' 'विंड ऑफ चेंज'मधल्या शिट्टीपुरता. ज्यूडास प्रीस्टचा 'ब्रिटिश स्टील', १९८०: 'मेटल गॉड्स'मधला राक्षसी खणखणाट हा सुऱ्या-काट्यांचा खण हलवून काढलेला आहे, हे कळल्यावर मुलगी स्वयंपाकघरात गेली आणि चमच्यांचा स्टँड आपटून बघितला. जमत नाही, आपला स्टीलचा पातळ आहे. क्वीन चांगलाच, पण पाचगणीत शिकला म्हणून त्यांचा गायक फ्रेडी याला आपला म्हणणं मी थांबवलंय. रॉक मशीनचा १९८८ चा अल्बम लावताना मात्र छाती फुगली. मुंबईची पोरं, स्वतःची गाणी. मत विचारू नका, तिथं मी निष्पक्ष नाही.

१७ ऑगस्ट

लेड झेपेलिनचा चौथा, १९७१. कव्हरवर नावच नाही, नुसतं मोळीवाल्या म्हाताऱ्याचं चित्र, म्हणून दुकानदारानं पेननं 'म्हातारा लाकूडवाला' लिहिलंय.

'स्टेअरवे टू हेवन'बद्दल सगळ्यांनी लिहून झालंय. मी 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'पाशी अडकलो. मूळ गाणं १९२९ चं, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांचं, मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुरावर. झेपेलिननं बॉनमचे ड्रम हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात जिन्याखाली ठेवले आणि माइक वरच्या मजल्यावरून खाली सोडले. म्हणून ठोका आधी पोचतो आणि घर मागून येतं.

२०१९ च्या ऑगस्टात वेदगंगेचं पाणी यमगर्णीला हायवेवर आलं. बेळगाव-कोल्हापूर रस्ता बंद. बहीण निपाणीकडची. फोन लागत होता, जाता येत नव्हतं. "पाणी कुठवर?" "तिसऱ्या पायरीला." तासाभरानं परत. "अजून तिसऱ्याच." त्या रात्री हे गाणं लावलेलं मला आठवतं, आणि बंद केलेलंही. पाऊस असाच राहिला तर बांध फुटेल, एवढंच तो म्हणत राहतो त्यात. आणि ठोका थांबत नाही.

जुनं मत: लांबलेलं. नवं मत: सात मिनिटं बरोबर आहेत, पाणी उतरायला वेळ लागतो.

२४ ऑगस्ट, रविवार

बुधवारी गणपती. गल्लीत मांडव चढतोय, स्पीकरची चाचणी चालू, आता दहा दिवस काही उतरवता येणार नाही. एकेचाळीस झाल्या. एक अडकलीय, आतलं चाक मोडलंय, गणपतीनंतर उघडीन.

राहिली ती कोरी. सिक्स्टी आहे. दुपारी मांडववाले जेवायला गेले तेवढ्यात तिच्यावर 'एनिथिंग गोज' पहिल्यापासून आणि 'रॉकेट क्वीन' भरून घेतलं. पट्टी पेन्सिलीनं घट्ट केली. मुलीनं कव्हरवर लिहिलं: 'ॲपेटाइट, उरलेलं'. दहा मिनिटांच्या आतच झालं, बाजूवर वीस मिनिटं कोरी उरली. ती म्हणाली, इथं काहीतरी भरूया, कोरी कशाला सोडायची.

सबाथच्या दोन फाईली ठेवल्यात, एक काळी एक, एक पांढरी दोन. अण्णांना विचारलं, पेन ड्राइव्हवर कुठली घालू.

"पळणारी घाल," म्हणाले. "काळी एकला मला पेटी अडचणीची पडते."